पूजेला ठेवलेला होल्डर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं, की मला आजही आधी आठवते ती भिलाईतल्या एका वेल्डरच्या व्हिसाची.

मी तेव्हा ठाणेदार होतो. परदेशात माणसं पाठवणाऱ्या एका एजंटाने लेखी तक्रार आणून दिली. त्याने भिलाईच्याच खुर्सीपार वस्तीतला एक तरुण वेल्डर आखाती देशात पाठवला होता. पोरगा पोचला, मेडिकल झालं, बोटांचे ठसे झाले. पण कामाचा व्हिसा अनुभवाच्या दाखल्यापाशी अडला. तिकडच्या कंपनीने खात्री करायला, दाखल्यावर ज्याची सही होती त्या जवळच्या जामुलमधल्या ठेकेदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "असा कोणी पोरगा माझ्याकडे नव्हताच." एजंटाचं म्हणणं, दाखला बनावट आहे, गुन्हा नोंदवा.

पोराच्या प्रवेश परवान्याची मुदत संपत आली होती. मी "बनावट" असा अहवाल दिला असता, तर तो परत आला असता तो आरोपी म्हणूनच, आणि पुन्हा कुठल्या देशाने त्याला दारात उभं केलं नसतं.

त्याची आई ठाण्यात आली. विधवा बाई, शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. "साहेब, माह्या पोरानं चार वर्षं त्याच शेठकडे काम केलं. कावून खोटं बोलून राहिले ते, मले समजत नाही. तिकडं पोराले वेल्डिंगचा होल्डर हातात देत नाही, यार्डात झाडू मारून राहिला. रोज फोनवर म्हणते, आई, कागद आला का?"

आईचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे. कोणत्या आईचा पोरगा खोटा असतो?

त्याच आठवड्यात आमच्या खबऱ्याने खबर दिली, की बाजारातला एक झेरॉक्सवाला पाहिजे तो दाखला करून देतो. झडती घेतली, शिक्के सापडले. माणूस ठाण्यात आणला. माझी एक पद्धत होती. संशयिताला चहा द्यायचा आणि त्याच्यासमोर आपली कामं करत बसायचं. ओरडणाऱ्या पोलिसापेक्षा गप्प पोलिसाची माणसाला जास्त धास्ती वाटते. दुपारपर्यंत गडी पोपटासारखा बोलायला लागला. पण या पोराचा दाखला पुढे केला, तर त्याने चक्क नाक मुरडलं. "साहब, ये मेरा काम नहीं है. मेरी मोहर कभी टेढ़ी नहीं लगती."

ठाण्यातला जबाब लिहिणारा मुन्शी तोंडावर हात ठेवून हसला. मलाही हसू आलं, पण त्या लबाडाचं म्हणणं खरं होतं; या दाखल्यावरचा शिक्का तिरकाच होता. खऱ्या ऑफिसात शिक्का कसाही हाणतात. जपून मारतो तो बनावटवाला.

मग ठेकेदाराला बोलावलं. भंडाऱ्याकडचा माणूस, पन्नाशीचा. दाखला डोळ्यांसमोर धरला तरी ढिम्म. "लेटरहेड कोणी चोरलं असन साहेब. मी त्या पोराले ओळखतच नाही." त्याच्या कामगारांना विचारलं, तर सगळे चपला बघत उभे. रोजंदारीवरचा माणूस मालकाविरुद्ध बोलणार कसा? मी हात टेकले होते.

दोन दिवसांनी ती बाई पुन्हा आली. यावेळी दारातच उभी राहिली. "साहेब, उद्या विश्वकर्मा पूजा हाय. दरसाल पोराचा होल्डर पूजेले ठेवाचा असते. केस चालू हाय, तर मले जाता येते का शेठच्या कारखान्यात?"

इकडच्या कारखान्यांत त्या दिवशी काम बंद असतं. वेल्डर आपला होल्डर ठेवतो, फिटर आपले पाने ठेवतो, घरच्यांनाही प्रसादाचं बोलावणं असतं. ज्या माणसाने पोराला ओळखतच नाही म्हटलं, त्याच्याच दारात ही माउली त्याचं हत्यार पुजायला निघाली होती! मी म्हटलं, "बाई, खुशाल जा. मीही येतो."

साध्या कपड्यांत गेलो आणि गेटपाशी गर्दीत उभा राहिलो. झेंडूच्या माळा, पुरीभाजीचा वास, पोरांचा कल्ला. बाई डोक्यावर पदर घेऊन आत गेली. ठेकेदार आरतीचं ताट घेऊन उभा होता. ती दिसताच त्याच्या तोंडून निघून गेलं, "या वहिनी, या. ठेवा तिथं, त्याच्या मशीनपाशी. काय म्हणते पोरगं? जेवते का बराबर तिकडं?"

बाई जागच्या जागी थांबली. मी पुढे झालो. त्याने मला पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि तिथेच बसला.

"मीच शिकवलं त्याले, साहेब. हात धरून शिकवलं," तो म्हणाला. "दाखला बी मीच देल्ला. पण फोनवर कोणी त्याच्या नोकरीची नोंद विचारली, अन् मले वाटलं पीएफवाले चौकशी करून राहिले. माह्याकडे एकाही पोराची नोंद नाही. भेव वाटलं."

त्याच दिवशी त्याने जबाब दिला आणि माझ्यासमोर बसून कंपनीला खरं काय ते कळवलं. नोंदी न ठेवल्याबद्दल कामगार खात्याने त्याला सोडलं नाही, आणि सोडायलाही नको होतं.

काही दिवसांनी बाई मोबाइल घेऊन धावत ठाण्यात आली. पडद्यावर पोरगा होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट. "साहेब, व्हिसा लागला! आजपासून कामावर घेतलं."

मी विचारलं, "शेठवर राग आहे का रे?"

"नाही साहेब. तुमच्या आधी त्यायलेच फोन केला. ते रडूनच राहिले होते. मीच म्हटलं, शेठ, हा हात तुमचाच हाय."

मी मोबाइल बाईकडे दिला आणि उगाच टेबलावरच्या फायली सारख्या करत बसलो.

एवढी वर्षं खोटं पकडणं हाच माझा धंदा होता. माणूस ठरवून खोटं बोलतो, हे मला माहीत होतं. पण त्याची माया त्याला विचारून बाहेर पडत नाही, हे त्या पूजेत कळलं. त्या ठेकेदाराला नुसतं तोंड फिरवायचं होतं. "कोण बाई तू?" एवढं म्हटलं असतं, तर माझ्या हाती काहीच नव्हतं आणि पोरगा आयुष्यातून उठला असता. दारात आलेल्या आईला ते म्हणायला त्याची जीभ वळली नाही. त्याचं खोटं पकडायला मी गेलो होतो, आणि आज त्याचेच आभार मानतो.