तीस श्वास
परवा खण आवरताना सनईच्या पेटीत बाबांची श्वासाच्या व्यायामाची प्लॅस्टिकची नळी सापडली. बाबांची फुप्फुसं जुन्या आजाराने थकली होती. श्वासाच्या स्नायूंना जोर यावा म्हणून दवाखान्यातून ती नळी दिली होती; तिची चकती फिरवली की श्वास ओढणं जड व्हायचं. घडियाळी पोळ या गल्लीतल्या आमच्या घराच्या खिडकीत बसून बाबा रोज तीस श्वास करायचे, मी समोर बसून मोजायचे. जन्मभर लग्नांत सनई वाजवलेला माणूस, त्याला श्वासाचं कोण शिकवणार! महिन्याभरात चकती शेवटच्या आकड्यावर गेली. “हे तर काहीच नाही,” म्हणत बाबा पेढे घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी करून दाखवायला सांगितलं. बाबांनी गाल फुगवून नळीत फुंकर मारली. बाई गुजरातीत ओरडल्याच, “अरे काका, फूंको छो केम? अंदर खेंचो!” फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा, असं सांगत त्यांनी चकती पहिल्या आकड्यावर आणली. बाबांनी श्वास ओढला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण नळीतली झडप जागची हलली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. महिनाभर त्या फुगलेल्या गालांसमोर बसून आकडे मीच म्हणत होते. परवा नळी हातात घेतली, तेव्हाही तोंडून आपसूक ‘एक’ निघालं.