पगार कमी करून द्या

मी नोकरी बदलली तेव्हा जागेवरून हललोसुद्धा नाही. गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर पँट्री आहे, तिथे मी चहा-कॉफी करतो. ठेकेदार बदलला. तीच किटली, तेच मग, त्याच मॅडमची बिनसाखरेची कॉफी. फक्त निळ्या शर्टाऐवजी मरून शर्ट येणार होता. आणि तो सगळ्यांना मिळेलच असं नव्हतं.

एरवी मी एवढा घाबरलो नसतो. आठवीत शाळा सोडून रत्नागिरीकडून निघालेल्या माणसाला कुठे ना कुठे कपबशा मिळतातच. पण बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. केमोच्या सहा डोसांपैकी तीन झाले होते, पुढे वर्षभर दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन होतं. हे सगळं चालायचं माझ्या सरकारी विम्याच्या कार्डावर, जे कमी पगाराच्या कामगाराला नोकरीबरोबर मिळतं. बाहेर त्या इंजेक्शनाची किंमत मी एकदाच विचारली. केमिस्टने ती दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा मी नुसताच हसलो.

जुना सुपरवायझर म्हणाला, "कोई जान-पहचान लगाओ, भाई. नया मैनेजर चिट्ठी मानता है."

माझी जान-पहचान म्हणजे दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातले साहेब. मूळचे पुण्याचे, केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या कॉलनीच्या गणपतीला आम्ही नवरा-बायको उकडीच्या मोदकांसाठी जायचो. बायको वळायची, मी नारळ खवायचो आणि ताटं फिरवायचो. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "अरे, कशाला काळजी करतोस? असं पत्र देतो की बघत राहतील." वहिनींनी आतून एक मऊ सुती ओढणी आणून दिली, बायकोच्या डोक्याला बांधायला.

पत्र दोन पानी, इंग्रजीत, बंद पाकिटात. ते फोडायची माझी छाती नव्हती, आणि फोडून तरी मी काय वाचणार होतो? घडी पडू नये म्हणून बायकोच्या रिपोर्टांच्या फाइलीत ठेवून नेलं.

नव्या मॅनेजरने ते आधी भराभर वाचलं, मग सावकाश.

"आपने दो सौ लोगों का इंतज़ाम संभाला है?"

मी मान हलवली. साहेबांचं पत्र खोटं पाडणं बरं दिसलं नसतं.

"टीम भी लीड की है?"

टीम म्हणजे बायको आणि दोन शेजारणी. मी म्हणालो, "जी."

साहेबांनी उभ्या नोकरीत हाताखालच्या लोकांच्या बढतीच्या शिफारशी लिहिलेल्या. दुसऱ्या तऱ्हेचं पत्र त्यांच्या हातून उतरतच नसावं. "याला कामावर राहू द्या" एवढंच लिहायचं होतं, त्यांनी मला वरच्या जागेला लायक ठरवून टाकलं. हे मला कळलं तिसऱ्या दिवशी, मॅनेजरने उठून हात मिळवला तेव्हा.

"बधाई हो. सुपरवाइज़र. तीन मंज़िलें आपकी."

मी एकच विचारलं, "सर, कार्ड?"

"कार्ड का क्या करना है? आपकी तनख्वाह अब लिमिट से ऊपर है, वो कुछ महीनों में बंद हो जाएगा. सुपरवाइज़र को कंपनी की पॉलिसी मिलती है."

"उसमें बीवी?"

"आप अकेले. घरवालों की अलग से ले लीजिए."

अलग पॉलिसी विकणारा फोनवर फार गोड बोलला, आजाराचं नाव ऐकेपर्यंत.

घरी आलो तर बायको ताक-भात खात बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे मोदक मी वळले आणि बढती तुम्हाला?"

"मग तू जा सुपरवायझर म्हणून."

"जाईन की. तुम्ही घरी बसून ओका माझ्या वाटचं."

मग तिने भात पुन्हा कालवायला घेतला. "अहो," हळूच म्हणाली, "अशी जागा परत कधी मिळेल हो तुम्हाला?"

मी म्हणालो, ताक खारट झालंय.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर उभा राहिलो. "सर, तनख्वाह कम कर दीजिए."

त्याला वाटलं माझं हिंदी चुकतंय. "बढ़ानी है?"

"नहीं सर. घटानी है. मुझे पैंट्री में ही रहने दीजिए."

त्याने एचआरच्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, बढती नाकारायचा फॉर्मच नाही. पद काढून घ्यायचं तर कारण द्यावं लागतं. मग मी कारण सांगितलं. मॅनेजरने पेन खाली ठेवलं.

"कौन-सी साइकिल चल रही है?"

केमोच्या डोसाला सायकल म्हणतात हे मी त्याला सांगितलं नव्हतं. "चौथी, सर."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. "बीवी की बीमारी यहाँ कारण में नहीं आती. 'शिक्षा अपर्याप्त' लिख देता हूँ. बुरा मत मानना."

मला बुरं कसलं वाटणार? वडिलांनी पट्टा काढला होता, गुरुजी घरी येऊन गेले होते, तरी मी परत शाळेत गेलो नव्हतो. त्या हट्टाचा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो त्या दिवशी.

चौथ्या डोसाला इस्पितळाच्या खिडकीवर माणसाने कार्डाचा नंबर टाकला. नव्या ठेकेदाराचं नाव यायला मशीनने फार वेळ घेतला. मी मरून शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं.

"चालू है," तो म्हणाला. "अगला."

बाकावर येऊन बसतोय तोच साहेबांचा फोन. "काय रे, झालं का काम?"

"झालं साहेब. तुमच्यामुळेच." ते खोटं नव्हतं. पत्र नसतं तर मॅनेजरने मला खुर्चीसुद्धा दिली नसती.

"मी म्हटलं नव्हतं? आता सहा महिन्यांनी आठवण कर. आणखी एक लिहून देतो, याहून कडक."

"नको साहेब," मी घाईने म्हणालो. "एवढ्यात नको."

बायको शेजारी ओढणीची गाठ सैल करत होती. "काय म्हणतात साहेब?"

"विचारतायत, यंदा मोदकांना येणार का."

"सांगा त्यांना, येते म्हणावं. बसून वळेन."