किसन ढमाळचा डावा पाय

माझी सध्याची पोस्टिंग सिंगापूर, बुकित बातोक, नववा मजला. पास लाँग-टर्म व्हिजिटचा, कमांडिंग ऑफिसर माझी मुलगी रूथ. मी सुभेदार याकोब त्रिभुवन, निवृत्त, मूळचा श्रीरामपूरकडचा. सगळी नोकरी पायदळात काढली. इथे सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, मार्केटमधून मासळी आणायची, संध्याकाळी चर्चला जायचं. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा शांत आहे. म्हातारा शांत नाही. हे लिहितोय ते रागाने लिहितोय, आणि रागाचं कारण एक पाय आहे.

आम्ही तेव्हा उत्तरेला, बारा महिने बर्फात असलेल्या एका पोस्टवर होतो. मी हवालदार होतो, माझ्याकडे एक सेक्शन. तिथे शत्रूची गोळी क्वचित यायची, थंडी मात्र रोजची. म्हणून रोज संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन. प्रत्येक जवानाने बूट-मोजे काढायचे आणि सेक्शन कमांडरने त्याचे पाय हातात घेऊन बघायचे. रंग बघायचा, एकेक बोट दाबायचं, विचारायचं, "कळतंय?" नवी पोरं संकोचायची. वडीलधाऱ्याच्या हातात पाय द्यायचा म्हणजे त्यांना पाप वाटायचं. मी ओरडायचो, "लाजायचं तर बायकोसमोर लाज. इथं पाय दे."

लान्स नायक किसन ढमाळ कधी लाजला नाही. सातारा जिल्ह्यातला, खंडाळ्याकडचा गडी. त्याच्या डाव्या पायाची करंगळी वाकडी होती, शेजारच्या बोटावर चढलेली. "उस्ताद, ही जन्माची अशीच आहे, रिपोर्ट करू नका," असं तो रोज न चुकता म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा. एकदा सुट्टीवरून आला तेव्हा त्याने मला सांगितलं, बायकोने शपथ घ्यायला लावली. सुमन तिचं नाव. काही दुखलं-खुपलं तर लपवायचं नाही, मर्दपणा दाखवायचा नाही, सरळ सिक रिपोर्ट करायचा. ती शपथ त्याने पाळली. हे वाक्य लक्षात ठेवा.

एका संध्याकाळी त्यानेच सगळ्यांच्या आधी मोजा काढला. "उस्ताद, अंगठा कळत नाहीये." डाव्या पायाचा अंगठा मेणासारखा पांढरा झाला होता. मी दाबला. त्याला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या पोस्टपर्यंत पेट्रोल, म्हणजे गस्त, जायचं होतं, म्हणून मी लगेच रेडिओवर कंपनी कमांडरना गाठलं. मेजर लोपीस, वसईचे. माझ्यासारखेच कॅथलिक, मराठी माणूस. वरून पाहणीला कोणी येणार होतं, आणि साहेबांना पेट्रोल पूर्ण संख्येत दाखवायचं होतं. बोलणं झालं ते एवढंच.

"टायगर, चार्ली बोल रहा हूँ. ढमाळ अनफिट. बायाँ पैर. ओव्हर."

"चार्ली, पेट्रोल पूरा जाएगा. ओव्हर."

"सर, अंगूठा सुन्न है. एक आदमी कम भेजता हूँ. ओव्हर."

"पूरा जाएगा. बहस नहीं. आउट."

सकाळी आम्ही निघालो. ढमाळ माझ्या मागे होता. जाताना ठीक गेलं. परतताना वारा सुटला. शेवटच्या उतारावर बर्फात पायऱ्या खोदलेल्या होत्या. अशा वाऱ्यात पायरी डोळ्याला दिसत नाही, पायालाच कळावी लागते. ढमाळच्या डाव्या पायाला ती कळली नाही. तो घसरला. दोराने त्याला धरलं, पण डोकं खडकावर आपटलं होतं. आम्ही त्याला वर ओढलं, स्ट्रेचरवर बांधलं आणि चालत राहिलो. पोस्ट दिसायला लागली तेव्हा तो गेलेला होता. पोस्टवर पोहोचल्यावर मी काय केलं, तर त्याचा डावा बूट काढला. संध्याकाळ झाली होती, पाय बघायची वेळ झाली होती.

चौकशी झाली. मेजर लोपीस म्हणाले, जवानाने इजा लपवली, मला कळवण्यात आलं नाही. मी म्हणालो, कळवलं. रेडिओवरच्या ऑपरेटरला नेमकं तेच आठवेना. मेजर आणि हवालदार यांच्यात कोणाचं खरं ठरतं, हे सांगायला नको. साहेब स्वतः पार्थिव घेऊन गावाला गेले. पारावर, साऱ्या गावासमोर, सुमनला म्हणाले, "वहिनी, किसन फार शूर होता. पण त्याने पाय लपवला."

मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, याचा एवढा चांगला उपयोग मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेला नाही.

तेरावं झाल्यावर सुमनने नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढला आणि ट्रंकेत ठेवून दिला. मी सुट्टीत जाऊन तिला खरं सांगितलं. पुढच्या सुट्टीत पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, तुमी त्यांचे दोस्त. दोस्त असंच बोलनार. एवढा मोठा सायेब कशाला खोटं बोलंल?" तिच्या लेखी किसनने तिची शपथ मोडली होती आणि तिला उघड्यावर टाकून तो निघून गेला होता. वीस वर्षांहून अधिक काळ तिने मेलेल्या नवऱ्याला माफ केलं नाही, आणि त्याचा अपराध काय, तर काहीच नाही.

आता यंदाचा प्रायश्चित्तकाळ, म्हणजे लेंट. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आम्ही उपास, प्रार्थना आणि पश्चात्तापात दिवस घालवतो. सिंगापुरात आम्ही मराठी कॅथलिक मूठभर, बहुतेक वसईची आयटीतली पोरं. दर शुक्रवारी बेडोकला मोनिकाच्या काँडो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये जमतो. मोनिका एका बँकेत मॅनेजर आहे, ग्रुप तीच चालवते. मराठीतून क्रुसाची वाट ही प्रार्थना होते, मग कोणीतरी साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सांगतं. त्या शुक्रवारी मोनिका म्हणाली, "आज आपल्यात पाहुणे आहेत. बेडोकलाच मुलाकडे आलेत. रिटायर्ड कर्नल लोपीस."

केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. मी मागच्या रांगेत होतो, त्यांना दिसलो नाही. विषय होता देवाची दया आणि नवीन जीवन. चांगलं बोलले. म्हणाले, "माझ्या हाताखाली एक जवान गेला. चूक माझी होती. कित्येक वर्षं मला झोप नव्हती. मग एका रिट्रीटमध्ये मी कन्फेशन केलं. देवाने मला माफ केलं. मी नवा माणूस झालो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभा राहिलो.

"सर, त्या जवानाचं नाव काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चेहरा उतरला. "त्रिभुवन?"

"माझं नाही, सर. त्याचं."

"ढमाळ. किसन ढमाळ."

"त्याने पाय लपवला होता?"

कर्नल खाली बघत म्हणाले, "नाही."

"हे त्याच्या बायकोला माहीत आहे?"

मोनिका लगबगीने माझ्यापाशी आली. "अंकल, प्लीज. लेंट चालू आहे. आपण क्षमा करायची असते ना?"

आयजीच्या जिवावर बायजी उदार. क्षमा करणारी मोनिका कोण? मी तरी कोण? देवाने माफ केलं म्हणे. देव दयाळू आहे, मला मान्य आहे, लहानपणापासून मी तेच म्हणत आलोय. पण तो पाय देवाचा नव्हता, किसनचा होता. मी चहा न घेता निघालो आणि बेडोकपासून जुराँग ईस्टपर्यंत एमआरटी ट्रेनमध्ये उभाच राहिलो. जागा रिकामी होती, बसवत नव्हतं.

घरी आल्यावर मी आवाज चढवून रूथला सगळं सांगितलं. नात म्हणाली, "आजोबा, डोन्ट शाउट लाह, नेबर्स विल हियर." ऐकू दे म्हटलं. रूथ म्हणाली, "पप्पा, ते सगळ्यांसमोर रडले. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"रडून मला काय करायचंय? त्यांनी सुमनला सांगायला पाहिजे."

मोनिकाकडून पत्ता घेऊन चार दिवसांनी कर्नल लोपीस बुकित बातोकला आले. मी त्यांना घरी बोलावलं नाही. ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये बसलो. समोर दोन कोपी-ओ, बिनदुधाची कॉफी. सुभेदारासारख्या जेसीओला ऑफिसर नेहमीच साहेब म्हणतो, तसं ते म्हणाले, "त्रिभुवन साहेब, मला माफ करा."

"चुकीच्या दारात आलात, सर."

"माझं कन्फेशन झालंय. फादरने मला मोकळं केलं."

"तुम्हाला केलं. किसनला कोण करणार?"

त्यांनी पेल्यात चमचा फिरवला.

"प्रायश्चित्त काय दिलं होतं फादरने?"

"आठवडाभर रोझरीची जपमाळ."

"आणि खोटं सांगितलं होतं, ते जाऊन खरं कर, असं नाही म्हणाले?"

त्यांनी पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "म्हणाले होते." ते एवढं हळू म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या गप्पांत विरून गेलं असतं. "माझी हिंमत झाली नाही."

म्हणजे रोझरी म्हटली आणि अवघड तेवढं सोडून दिलं. निम्मं प्रायश्चित्त, आणि नवं जीवन मात्र पुरं. मी सुमनचा नंबर काढला आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

"लावा."

"आत्ता? थोडा विचार करू द्या. शब्द सुचायला हवेत."

"पारावर सुचले होते तुम्हाला."

त्यांनी फोन लावला. आवाज स्पीकरवर होता.

"हां भाऊ, बोला," सुमन म्हणाली.

"वहिनी, मी मेजर लोपीस." निवृत्त कर्नल माणूस, त्या क्षणी पुन्हा मेजर झाला. "वहिनी, किसनने पाय लपवला नव्हता. आदल्या संध्याकाळी दाखवला होता. हवालदारांनी मला सांगितलं होतं. तरी मी त्याला पाठवलं. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "मंग इतकी वर्सं म्या राग कुनावर धरला?"

कर्नल फोनवर वाकले.

"वहिनी, मला माफ करा."

"ते मागनं बघू. तुमी खोटं फोनवर बोलला न्हवता, सायेब. पारावर बोलला व्हता." आणि तिने फोन ठेवला.

कर्नलांनी मोबाइल दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. मला दया आली का? थोडी आली, खोटं कशाला बोलू. आल्याचाही राग आला. ते म्हणाले, "तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"नाही, सर. हे पेट्रोल एकट्याचं."

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा बारांत मी होतो. मी बूट-मोजे काढून बसलो. फादर चिनी, वयाने रूथएवढे. त्यांनी माझा पाय हातात घेतला, पाणी ओतलं, टॉवेलने पुसलं. पुसताना त्यांचा अंगठा माझ्या बोटांवर दाबला गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कळतंय." फादरना मराठी येत नाही. ते हसले आणि पुढच्या माणसाकडे गेले. मी मात्र त्यानंतरची प्रार्थना नीट म्हणू शकलो नाही.

ईस्टरच्या दिवशी दुपारी सुमनचा फोन आला.

"भाऊ, सायेब आलं व्हतं. पारावर हुबं ऱ्हायलं, समद्यांम्होरं सांगितलं. म्हाताऱ्या लई बोलल्या त्यांस्नी. मान खाली घालून ऐकून घेतलं."

"तू काय म्हणालीस?"

"च्या दिला. दुसरं काय देनार? अजून मन हुत न्हाई." मग म्हणाली, "फोटो काढला भायेर. काच फुटलीया, बदलून आनते." आणि विचारलं, "भाऊ, तुमी रोज त्यांचं पाय बघायचा?"

"रोज."

"डाव्या पायाची करंगळी..."

"वाकडी. शेजारच्या बोटावर चढलेली."

सुमन हसली. इतक्या वर्षांत तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. "लगनात आमच्या आईनं त्यांचं पाय धुतलं, तवाच बघितली व्हती म्या. आई म्हनली, पोरगं सरळ हाय, करंगळीच तेवढी वाकडी." हसता हसता तिचा आवाज फुटला. मी फोन धरून उभा राहिलो. रूथने जेवायला हाक मारली, तिला मी हाताने थांब म्हटलं.

लोपीस साहेबांना मी माफ केलं का, असं रूथ विचारते. अजून नाही. देवाकडे ही रांग नसेल, माझ्याकडे आहे. रांगेत आधी किसन, मग सुमन, मग मी. सुमनचं मन होईल तेव्हा माझं बघू. पण त्या पारावर जे ऐकायला नव्हते, ज्यांनी चौकशीचा निकाल तेवढा ऐकला आणि कंपनी सोडून आपापल्या गावी गेले, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

लान्स नायक किसन ढमाळ याने पाय दाखवला होता. मी तो हातात घेऊन पाहिला होता.