जोड टिकला त्या दिवशी

मी नायगावच्या चाळीतून निघाले तेव्हा बॅगा टॅक्सीत चढवायला अख्खा मजला खाली उतरला होता. आई मात्र वर गॅलरीतच उभी. तिथूनच ओरडली, "कोणाशी झगडा करू नको गो! पण गप पण रवू नको!" सगळे हसले. मी नॉर्वेला चालले होते, ॲल्युमिनियमच्या बोटी बांधणाऱ्या यार्डात वेल्डिंग इंजिनिअर म्हणून.

पहिल्याच हिवाळ्यात तोंड उघडावं लागलं. प्रवासी बोटीसाठी केलेले नमुन्याचे जोड यंत्रावर ओढले की लवकर तुटत होते. ठपका आला जोसेफवर. तो केरळचा, माझ्याबरोबरच रुजू झालेला. त्याला परत पाठवायची भाषा सुरू झाली. तुटलेला तुकडा मी हातात घेतला, तर जोड शाबूत होता. फाटला होता त्याच्या शेजारचा पत्रा. ॲल्युमिनियमला उष्णता जास्त झाली की जोडाशेजारचा भाग मऊ पडतो. सुपरवायझर इंग्रिडला म्हटलं, "हात चांगला आहे त्याचा. ठरवून दिलेली पद्धत चुकतेय."

"मग करून बघू," ती म्हणाली.

आधी करंट कमी केला. पत्रा नीट वितळलाच नाही, जोड पाकिटासारखा उघडला. जोसेफने माझ्याकडे बघितलंही नाही. मग करंट पूर्वीइतकाच ठेवून त्याला हात भरभर चालवायला सांगितला, आणि प्रत्येक थरानंतर पत्रा निवेपर्यंत थांबायला लावलं. यंत्र ओढत राहिलं. या वेळी नमुना हवा तेवढा ताण सोसून मगच तुटला. इंग्रिडने सगळ्यांसाठी हीच पद्धत लावली. जोसेफ राहिला.

आनंदाने घरी फोन लावला, तर मागे सामान सरकवल्याचे आवाज.

"खोलीची चावी बिल्डरला दिली आज," बाबा म्हणाले. चाळ पाडून टॉवर होणार हे ठाऊक होतं, दिवस ठाऊक नव्हता. "तुला तिकडे टेन्शन होतं ना, म्हणून नाही सांगितलं."

माझी बातमी मी सांगितली खरी, पण रडतच.

टॉवर उभा राहायला काही वर्षं गेली. यंदा मे महिन्यात तिथल्या नव्या घरी गेले. लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरले. आईने फ्लॅटचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलेलं. बंद दारामागे तिला करमत नाही. बाबा खिडकीतून खाली बघतात आणि माणसं ओळखू येत नाहीत म्हणून चिडतात. इथे माझी स्वतःची अशी एकही जागा नव्हती, तरी झोप गाढ लागली.

नॉर्वेला परत निघताना सवयीने बोलून गेले, "घरी पोचले की फोन करते."

म्हटलं आणि जीभ चावली. बाबा चपला शोधू लागले.

आई मात्र सहज म्हणाली, "कर. आणि घराक परत कधी येतलंस, ता पण सांग."