बांधालगतचे लाल डोंगळे

शेजारच्या दादांचं कांद्याचं बी मी बिघडवलं. चुकून नाही, ठरवून.

आमच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या वस्तीवर बियासाठी निवडक कांदे परसात पुन्हा पुरतात. त्यांना डोंगळे म्हणतात. थंडी सरताना त्यांच्या दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात, त्यांतून काळं बी निघतं. दादांचं गावरान बी त्यांच्या वडिलांपासून राखलेलं. त्याचा कांदा साठवणीच्या चाळीत दिवाळीपर्यंत टिके. दसऱ्याला ते घरोघर ओंजळभर बी वाटत. म्हणूनच त्यांच्या डोंगळ्यांजवळ दुसऱ्या जातीचे डोंगळे कुणी लावत नसे. मधमाशीला बांध कळत नाही, ती दोन जातींचे पराग मिसळते.

त्या पावसाळ्यात माझ्या चाळीतल्या कांद्याला कोंब फुटले. दादांनी त्यातला एक चारचौघांत वर धरला.

"बघा रं, गुरुजींच्या कांद्याला दाढी आली! आता लगीन लावा त्याचं!"

माझे जुने विद्यार्थीसुद्धा हसले. हसलो मीही, पण ते हसू मी विसरलो नाही.

दसऱ्याला त्यांनी नेहमीप्रमाणे बियाची बाटली दिली. मी ती माळ्यावर फेकली. मग त्यांच्या डोंगळ्यांपासून वीस पावलांवर, बांधालगत, लाल कांदा पुरला. हा कांदा टिकत नाही, लगेच कोंब धरतो.

"दादांना विचारलंत का?" बायकोनं विचारलं.

"माझ्या परसात काय लावायचं, ते त्यांना विचारू?"

दादांनी मात्र विचारलं. "गुरुजी, कंचा हाय हो?"

"तुमचाच गावरान."

"मग झाक." माझ्या शब्दावर विसंबून ते निघूनही गेले.

फुलं आल्यावर रोज सकाळी चहा घेऊन मी बांधावर उभा राही. माझ्या गोंड्यावरची माशी उठून पलीकडे गेली की मनात म्हणे, जा, दाढी घेऊन जा. त्या चहाची गोडी अजून आठवते. लाज वाटते ती त्याचीच.

पुढच्या दसऱ्याला ते बी वस्तीवर गेलं, घोडेगावला दिलेल्या त्यांच्या लेकीकडेही गेलं. त्यानंतरच्या आषाढात दादांच्या चाळीला कोंब फुटल्याचं कळलं आणि मी मुद्दाम बघायला गेलो. दाढीचं वाक्य दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

वहिनी सडके कांदे निवडत होत्या. "भावजी, लेकीचीबी चाळ गेली. सासू म्हनली, तुझ्या बापानं असलंच बी दिलं व्हय? पोर म्हनती, आता माहेरी यायला तोंड न्हाई."

दादा पाठमोरे बसले होते. "म्हाताऱ्यानं राखलेलं बी माझ्या हातनं गेलं. काय चुकलं तेच कळंना, गुरुजी."

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. खरं सांगायलाही मला आठ दिवस लागले.

नवव्या दिवशी माळ्यावरची बाटली काढली. जुनं बी, दहातलं एखादं उगवलं तर नशीब. ती दादांपुढे ठेवली आणि म्हणालो, "दादा, तुमच्या जुन्या बियातलं एवढंच उरलंय. बांधालगतचे डोंगळे लाल कांद्याचे होते. तुमची खोड मोडायची म्हणून लावले, वर खोटं बोललो. लेकीच्या सासरी जाऊन हे मीच सांगणार आहे. माझं चुकलं, मला माफ करा."