डॉकवरची बांबूची चटई

पुण्याच्या एका सहानुभूतीदाराने आमच्या संघटनेला त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला. खोका उघडला तर आत गेम खेळायचं यंत्र. दोन्ही हातांत धरायचं, मध्ये छोटा स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. मी फोन केला. गृहस्थ हसले. म्हणाले, अहो, हा पूर्ण कॉम्प्युटरच आहे, डॉकवर ठेवला की कीबोर्ड, माउस, मोठा स्क्रीन सगळं जोडता येतं. मी म्हटलं, मग डॉक कुठे आहे? तर म्हणे, तो मी ठेवून घेतला, माझ्या नव्या मशीनला तोच चालतो. वर म्हणाले, "ग्रामीण भागात खूप उपयोग होईल याचा."

या उपयोगासाठी मी त्यांचे आभारही मानले. आमच्यासारख्यांना आभार मानायची सवयच लावून ठेवली आहे या लोकांनी.

डॉक म्हणजे एक बैठक. सगळ्या वायरी तिला कायमच्या जोडून ठेवायच्या, यंत्र तिच्यात उभं करायचं, एक पिन खोचायची, झालं. ती नसल्यामुळे आम्ही बाजारातून वायरी खोचायची एक जोडपट्टी आणली, जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्याला यंत्र टेकवलं आणि कामाला लागलो. गावाच्या जंगलहक्कावरचं पत्रक करायचं होतं, मराठीत आणि माडिया भाषेत.

एप्रिलचं चंद्रपूर. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, इतकी कोळशाची काळी धूळ. यंत्राच्या पाठीला पंखा, तो ती सगळी आत ओढायचा. यंत्र तापायचं आणि अर्ध्या वाक्यात बंद पडायचं. मग चंद्रपुरात कोणत्याही तापलेल्या गोष्टीचं जे करतात तेच आम्ही केलं. कूलरसमोर ठेवलं. पाहुणा असो, टरबूज असो की कॉम्प्युटर, आमच्याकडे सगळ्याला एकच औषध.

गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची एक माडिया मुलगी तेव्हा आमच्या ऑफिसात यायची. चंद्रपूरला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती, सरकारी वसतिगृहात राहायची. पत्रकातलं माडिया तपासायला आम्ही तिला बोलवायचो आणि आमची वाक्यं वाचून ती पोट धरून हसायची. कूलरच्या उपचारानंतर यंत्र पुन्हा गप झालं, तेव्हा तिने पिशवीतून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याची पाठ उघडली.

"ताई, हे काय आहे, सांग बरं."

"धूळ."

"धूळ नाई, चिखल. तू सावली तालुक्याची आहेस म्हणून याच्यातबी धानाची रोवणी करून राह्यली का?"

कूलरची ओली हवा आणि कोळशाची धूळ, दोन्ही मिळून पंख्याच्या पात्यांवर काळा लेप बसला होता. तिने तो काडीने खरवडला आणि खरवडता खरवडताच ठरवलं, की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून ती याचाच डॉक करणार. आमचा एक कार्यकर्ता म्हणाला, विकत मिळतो की. ती म्हणाली, "मिळते ना. एसीत बसणाऱ्यायसाठी." तिचा डॉक धूळ अडवणार होता, कूलरची ओली हवा टाळणार होता, आणि लाइट गेली तर सोलरच्या बॅटरीवर चालणार होता.

तिच्या वर्गातल्या बाकीच्यांचे प्रोजेक्ट नागपूरच्या दुकानातून तयार येत. काळ्या रेषेवरून चालणारा तोच रोबो दरवर्षी येतो. सरांना ते माहीत असतं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही माहीत असतं. इतक्या वर्षांत त्या रोबोलाही रेषेची गरज उरली नसेल. आणि याला तांत्रिक शिक्षण म्हणायचं.

तिला मात्र घोर वेगळा होता. प्रोजेक्टवर सरांची सही नसेल तर तोंडी परीक्षेला बसू देत नाहीत. नाही बसली तर वर्ष जाणार, वर्षाबरोबर वसतिगृहातली जागा जाणार, आणि वसतिगृहाशिवाय चंद्रपुरात राहणं तिला शक्य नव्हतं. अर्धवट डिप्लोमा घेऊन एटापल्लीची एसटी. हे तिने मला एका दमात सांगितलं आणि पुन्हा पाती खरवडायला लागली.

आराखडा दाखवायला गेली तेव्हा मीही सोबत गेले. सर खुर्चीत रेलून बसले होते.

"कशाचा बनवतेस?"

"ॲल्युमिनियमचा, सर."

"अगं पागल, बांबूचा बनव ना! तू एटापल्लीची. बांबू तुमच्या रक्तात आहे."

"रक्ताचा रिपोर्ट वसतिगृहात आहे सर. त्याच्यात बांबू नाई लिवला."

सर हसले नाहीत. मी हसले, तर माझ्याकडे पाहून म्हणाले, "या नेताबाई कोण?" मग त्यांनी खरी गोष्ट काढली. एक प्रदर्शन होतं, त्यात आदिवासी नवसंशोधनाचा वेगळा विभाग होता. "ॲल्युमिनियम तर कोणीबी आणते. बांबू असला तर आपला नंबर पक्का."

"आपला म्हणजे कोणाचा?" मी विचारलं.

"बांबूत गरमी अडते सर," ती मध्येच म्हणाली. "अन् घुण लागला तर भुसा सरळ पंख्यात."

"मले शिकवतेस का? कमीत कमी बाहेरून बांबूची चटई लाव, वर वारलीचे स्टिकर लाव. सही पाहिजे ना तुले?"

वारली! महाराष्ट्राच्या त्या टोकाचे लोक, माडिया या टोकाचे. सरांच्या लेखी जंगलातले सगळे एकच, आणि ते सगळे हात धरून गोल नाचतात.

बाहेर आल्यावर मी पेटलेच होते. म्हटलं, आजच्या आज पत्रक काढते या माणसावर, कॉलेजच्या दारात वाटते. मथळा सुचलासुद्धा होता. ती थांबली.

"तुझं पत्रक निघन अन् मी घरी जाईन. मग तू दुसरं पत्रक काढशील, विद्यार्थिनीवर अन्याय म्हणून. मले त्याच्यात नाई यायचं, ताई. मले डिप्लोमा पाहिजे."

मी मथळा गिळला. मला जमत नाही, तरी गिळला.

खिडक्या बनवणाऱ्या दुकानातून तिने ॲल्युमिनियमचे उरलेले तुकडे आणले. पहिला डॉक तिने मागून पूर्ण बंद केला, धूळ जाऊ नये म्हणून. दिसायला देखणा, पण यंत्राचा श्वास कोंडला. "मीच गधी," म्हणाली आणि रिव्हेट उपटून टाकले. दुसऱ्यात यंत्र मागे रेलून उभं राहायचं, पाठ पत्र्यापासून सुटी. हवा खालून यायची, आणि येताना स्पंजच्या एका पट्टीतून गाळून यायची. पट्टी बाजूने ओढून काढायची, धुवायची, वाळवून परत सारायची. गरम हवा वरून निघून जायची, म्हणून जोडपट्टीची आणि सोलरच्या बॅटरीची वायर तिने कडेने वळवून नेली. पाय जुन्या चपलेच्या रबराचे.

चाचणीसाठी यंत्र जास्तीत जास्त तापवायला लागायचं आणि त्यासाठी गाड्यांच्या शर्यतीचा गेम सगळ्यात चांगला, असं तिचं म्हणणं. ती तापमान बघणार, म्हणून खेळायचं मी. पुण्याच्या गृहस्थांनी यंत्रात असले ढीगभर गेम तसेच ठेवले होते. मोठ्या माणसांनी पगार घालून हे विकत घ्यायचं, महिनोन्‌महिने खेळायचं आणि मग देशाला कार्यसंस्कृती नाही म्हणून हळहळायचं. मी पुन्हा पुन्हा गाडी दरीत घालत होते आणि ती ओरडत होती, "ब्रेक नको दाबू, ताई! तापू दे!" यंत्र तापलं, पण बंद पडलं नाही. आमचं पत्रकही त्याच डॉकवर पूर्ण झालं.

मग तिने गोल बाजारातून बांबूची चटई आणली आणि चार स्क्रूंनी डॉकभोवती बसवली. वर नाचणारी वारली माणसं चिकटवली. मला तिचाही राग आला. सरळ उभं राहायचं सोडून हे काय! तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "स्क्रू आहे. फेविकॉल नाई लावला."

सरांनी प्रदर्शनासाठी यंत्रही मागितलं. आम्ही दिलं नाही, कामाचं होतं. सर म्हणाले, "राहू द्या, डॉक तर आहे." तिला पारंपरिक वेशात येऊन स्टॉलवर उभी राहा म्हणाले. त्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून ती सुटली.

मी गेले, मुद्दाम गेले. मंडपात पांढऱ्या कापडावर रिकामा डॉक ठेवला होता, चटईला व्हार्निश मारलेलं. मागे सरांचं नाव मोठं, तिचं नाव खाली, त्यातही चूक. एका बाईंनी विचारलं, हे कशासाठी? सर म्हणाले, "डॉकिंग आहे. पारंपरिक." बाईंनी मान हलवली. छातीला फूल लावलेले एक परीक्षक आले, त्यांनी चटईवरून बोट फिरवलं, हातातलं माहितीपत्रक डॉकच्या खाचेत उभं केलं आणि म्हणाले, "वा! कागद ठेवायला उत्तम." सरांनी दुरुस्त केलं नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. यात ठेवायचं काय, हा प्रश्न अख्ख्या मंडपात एकालाही पडला नाही. आमच्या जिल्ह्यांविषयीचा सगळा कळवळा असाच असतो. त्यांना चटई दिसली की पुरे.

सही मात्र लगेच झाली नाही. बक्षिसाच्या भरात सर आठवडाभर पेढे वाटत फिरले आणि ती त्यांच्या केबिनबाहेर फाइल घेऊन उभी राहायची. शेवटी तोंडी परीक्षेच्या सकाळी त्यांनी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोरच सही करतो म्हणून सांगितलं, म्हणजे उपकार परीक्षकालाही दिसावा.

परीक्षेच्या खोलीच्या खिडकीला व्हरांड्यातून कूलर लावलेला होता, त्या वेळी बंद. मी त्याच्या शेजारी उभी होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. तिने यंत्र सोबत नेलं होतं. ती हवा कुठून येते ते सांगायला लागली. परीक्षकाने चहाचा मोठ्याने भुरका मारला.

"हा बांबू कुठला?"

"गोल बाजारातला, सर."

"असं का! मले वाटलं तिकडचा असन. छान आहे."

"चटई काढून चालवून दाखवू का?"

"नको नको, दिसून राह्यलं. पास आहेस तू." खुर्ची सरकली. "सर, तुमची सही राह्यली इथी."

पेनाचं टोपण वाजलं. मग ती बाहेर आली, हातात फाइल. फाइल आधी मला उघडून दाखवली. दोन्ही सह्या होत्या. मग ती व्हरांड्यातच खाली बसली, डॉक मांडीवर घेतला आणि पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. दोन स्क्रू निघाले तोवर सर बाहेर आले.

"अगं, काढतेस काऊन? बक्षीसवाली वस्तू आहे. विभागातल्या कपाटात ठेवू ना."

"डॉक ताईच्या ऑफिसचा आहे, सर. ही घ्या." तिने उरलेले दोन स्क्रूही काढले आणि व्हार्निश मारलेली चटई गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

सरांनी ती खरंच घेतली. उलटीसुलटी करून पाहिली आणि भिंतीवर खिळा कुठे आहे, ते शोधायला लागले.