विहाराच्या फळ्यावरचा फोटो

शेजारच्या किसनकाकांच्या पायाचा अंगठा शुगरमुळे गेला की माझ्यामुळे? खरंच सांगता येत नाही.

बी.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी गुळवेलीतले अँटिऑक्सिडंट तपासले होते. परीक्षानळीत जांभळं द्रावण पिवळं पडलं, म्हणजे अँटिऑक्सिडंट सापडले. त्याचा फोटो बाबांनी कौतुकाने वस्तीतल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर लावला. घरातली पहिली पदवीधर ना मी!

तो पाहून काकांनी शुगरच्या गोळ्या सोडून गुळवेलीचा काढा सुरू केला. गुळवेल शुगरला चालते का, असं मला विचारलंही होतं. मी फुशारकीत "चांगली असते, काका" एवढंच म्हणाले.

आज ते दवाखान्यातून घरी आले. मी भेटायला गेले, तर काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ये, डाक्टरीणबाई! नळीत पिवळं झालतं ना? मंग ह्यायचा अंगठा काळा कायले पडला? घे, उरलेला काढा तुया बापाले पाज."

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जाऊ दे वं, पोट्टी हाय." तेच जास्त लागलं.

नळीतलं द्रावण म्हणजे माणसाचं रक्त नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कौतुक चालू असताना तुम्ही बोलला असता का?

बाबा अडवत होते, तरी मी तो फोटो काढला. त्या जागी लिहून आले: "गुळवेल घेऊन शुगरच्या गोळ्या बंद करू नका. मी चुकले." खाली माझं पूर्ण नाव.